सामाजी हसाजी दिवेकर

सामाजी हसाजी दिवेकर (शमुवेल यहेज्केल दिवेकर, मृत्यू : १७९७, कोचीन) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील देशी अधिकारी आणि मुंबईतील पहिल्या ज्यू प्रार्थनामंदिराचे संस्थापक होते. ते कोकणातील बेने इस्राएल समाजाचे होते.

पार्श्वभूमी

बेने इस्राएल लोक आजच्या रायगड जिल्ह्याच्या गावोगावी विखुरलेले होते. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून त्यांची आडनावे बनली. दिवेकर हे दिवे या गावावरून आले. तेलघाणा हा त्यांचा मुख्य धंदा होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यापाशी तोराची गुंडाळी नव्हती व प्रार्थनामंदिरही नव्हते. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि प्रत्येक धर्मविधीत म्हटली जाणारी शेमा ही प्रार्थना यांच्या आधारे त्यांनी धर्म घरातच जपला.

सैनिकी जीवन व नवस

अठराव्या शतकात या समाजातील अनेक तरुण कंपनीच्या पलटणींत भरती झाले. सामाजी व त्यांचे बंधू इसाजी हे त्यांपैकीच होत. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) सामाजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. समाजातील परंपरेनुसार, कैद्यांची जात विचारली असता त्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. हे नाव कुराणात येते, हे जाणून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली व त्यांचे प्राण वाचले. सुखरूप परतल्यास देवासाठी प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस सामाजींनी केला होता, असेही ही परंपरा सांगते.

प्रार्थनामंदिर

देवाला केलेला नवस फेडण्यास विलंब लावू नये, अशी तोराची आज्ञा आहे. सामाजींनी १७९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात स्वखर्चाने प्रार्थनामंदिर उभारले. ज्यू धर्मात दानाला त्सेदाका म्हणतात. या शब्दाचे मूळ न्याय या अर्थाच्या शब्दात असल्याने दान हा उपकार नसून कर्तव्य ठरते. सामूहिक उपासनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. गावोगावी पांगलेल्या आणि नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या या लोकांना एकत्र जमण्यास हक्काची जागा प्रथमच मिळाली.

कोचीन व मृत्यू

मंदिर उभे राहिले, तरी तोराची गुंडाळी हवी होती. ती चर्मपत्रावर प्रशिक्षित लेखकानेच हाताने लिहावी लागते, आणि असे लेखक कोकणात नव्हते. कोचीनच्या ज्यूंकडे मात्र ही परंपरा अखंड होती. म्हणून गुंडाळ्या आणण्यासाठी सामाजी कोचीनला गेले आणि तेथेच १७९७ मध्ये त्यांचे निधन झाले. आपण बांधलेल्या मंदिराचा पुढील उत्कर्ष त्यांना पाहता आला नाही.

वारसा

१८६० मध्ये हे मंदिर सध्याच्या जागी हलविण्यात आले. शार हा-रहमीम, म्हणजे दयेचे द्वार, या नावाने ते ओळखले जाते. बेने इस्राएल लोक मराठी बोलताना प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत. त्यामुळे हे मंदिर जुनी मशीद म्हणून प्रसिद्ध झाले. जवळच्या मशीद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते. तेथील सॅम्युएल स्ट्रीट हा रस्ता सामाजींच्या नावाने ओळखला जातो. पुढे बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलमध्ये स्थायिक झाली, तरी मुंबईत व रायगडात राहिलेल्या कुटुंबांच्या स्मरणात सामाजींचा नवस अद्याप आहे.