डॉक्टर हाफकिन व प्लेगची लस

चांदा व गडचिरोलीकडील आमच्या मंडळ्यांत ज्या बंधुभगिनींस सुई टोचून घेण्याचे भय वाटते, त्यांच्याकरिता आम्ही हे चरित्र देत आहो. वाल्देमार हाफकिन 1860 साली ओडेसा शहरी यहूदी घराण्यात जन्मले. 1896 साली गिरण्यांच्या मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारने त्यांस तेथे बोलाविले. ग्रांट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्या आधाराने रोगजंतू वाढविले, आणि ते उष्णतेने मारून लस केली. इतर कोणास देण्यापूर्वी, 10 जानेवारी 1897 रोजी, ती त्यांनी स्वतःच्याच अंगात टोचविली. ताप चढला, वेदना झाल्या. परंतु ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांनी ती आपखुशीने घेतली.

पुढील गोष्ट दुःखाची आहे, पण ती लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. 1902 साली पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनांवर आला व त्यांचे पद गेले. वास्तविक, बाटली उघडतेवेळी चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध केलेला नव्हता. 1907 साली ते दोषमुक्त झाले. 1925 साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली ते लोझान येथे निवर्तले.