काचेच्या पेटीआधीची लाकडी पेटी

थंडी वाढली की प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकांवर एक वाक्य हमखास कानी पडते : बाळाला काचेत ठेवले आहे. सांगणाऱ्याचा आवाज दबलेला असतो, ऐकणारा लगेच वजन विचारतो. ही काचेची पेटी आता तालुक्याच्या गावीही ओळखीची झाली आहे. मात्र नवजात बाळाला उबेसाठी पेटीत ठेवण्याची पद्धत रुग्णालयात रुजवली ती स्तेफान तार्निए या फ्रेंच डॉक्टरने, आणि त्याला ती सुचली कोंबडीची पिले पाहून.

तार्निएचा जन्म १८२८ चा, फ्रान्समधील दिजाँ शहराजवळच्या एसेरे गावातला. वडील खेड्यात वैद्यकी करणारे डॉक्टर. मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला गेला आणि १८५६ मध्ये शिकाऊ डॉक्टर म्हणून ‘मातेर्निते’ या मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात दाखल झाला. तेथे येणाऱ्या बायका बहुतांशी गरीब, मोलकरणी, अविवाहित, ज्यांना घरी बाळंतपण करण्याची सोय नाही अशा. त्या काळी रुग्णालयात बाळंत होणे म्हणजे जिवाशी खेळ होता. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत ताप चढायचा, पोट फुगायचे आणि बाई दगावायची. आपल्याकडे ज्याला बाळंतरोग म्हणत, तो हा सूतिकाज्वर. दूषित हवेमुळे तो होतो, हवामान बदलले की साथ येते, बाईची प्रकृतीच तशी असते, अशी कारणे मोठमोठे प्राध्यापक देत.

तरुण तार्निएने एक साधे काम केले. प्रसूतिगृहातील मृत्यू मोजले आणि त्याच भागात घरी बाळंत झालेल्या बायकांमधील मृत्यूही मोजले. वस्ती एक, हवा एक, गरिबीही जवळपास तीच. तरीही रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण घरच्यापेक्षा दहा पटींहून अधिक निघाले. म्हणजे दोष हवेत नसून रुग्णालयात होता. एकीचा आजार दुसरीला लागत होता. १८५७ च्या आपल्या प्रबंधात त्याने हे मांडले. व्हिएन्नात सेमेलवाइसने दहा वर्षांपूर्वी हेच दाखवले होते आणि त्याची उपेक्षा झाली होती. तार्निएच्या वाट्यालाही आधी अविश्वासच आला. पण स्वभावाने तो चिकाटीचा असावा. भांडत बसण्याऐवजी तो संधीची वाट पाहत राहिला.

ती संधी दहा वर्षांनी आली. १८६७ मध्ये तो त्याच मातेर्नितेचा मुख्य शल्यचिकित्सक झाला. आजारी बायकांना निरोगी बाळंतिणींपासून वेगळे ठेवण्याची पद्धत त्याने लावली. १८७६ मध्ये त्याच्या कल्पनेप्रमाणे एक छोटी वेगळी इमारत उभी राहिली. तिच्यातील प्रत्येक खोलीचे दार थेट बाहेर उघडे, एका खोलीतून दुसरीत जायला आतून वाट नव्हती. हात आणि उपकरणे जंतुनाशकाने धुण्याची सक्ती आली. अडलेल्या बाळंतपणासाठी त्याने १८७७ मध्ये केलेला चिमटा पुढे कित्येक दशके जगभर वापरला गेला. एवढ्यावरही त्याचे नाव राहिले असते. पण आया जगू लागल्यावर त्याचे लक्ष बाळांकडे वळले.

पॅरिसचा हिवाळा आणि उंच छताचे, फटींतून वारे येणारे वॉर्ड. अपुऱ्या दिवसांची बाळे तेथे दोन-चार दिवसांत निळसर पडून, गारठून जात. त्यांना कापसात गुंडाळायचे, शेकोटीपाशी ठेवायचे, कडेला गरम पाण्याच्या बाटल्या लावायच्या, एवढाच उपाय होता. अशा बाळांना ‘दुबळी’ म्हणून सोडून दिले जाई. फार कोणी हळहळतही नसे. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून हार झाल्यावर मात्र फ्रान्सला घटत्या लोकसंख्येची काळजी लागली आणि बाळांच्या मृत्यूंकडे सरकारदरबारी लक्ष जाऊ लागले. बाळांविषयीच्या करुणेपेक्षा सैनिकांची गरज मोठी होती, हे खरे असले तरी त्यातून बाळांचे भले झाले.

१८७८ मध्ये तार्निए पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात गेला होता. तेथे ओदील मार्तँ नावाच्या माणसाने पक्ष्यांची अंडी उबवण्याची पेटी बसवली होती. उबदार पेटीत नुकतीच बाहेर आलेली पिले. तार्निएने मार्तँलाच बाळांसाठी अशी पेटी बनवायला सांगितले. १८८०-८१ मध्ये ती मातेर्नितेत आली. जाड, दुहेरी भिंतींची लाकडी पेटी; दोन भिंतींमधल्या पोकळीत उष्णता धरून ठेवणारा भुसा. खालच्या कप्प्यात गरम पाण्याची टाकी, वरच्या कप्प्यात बाळे, वर काचेचे झाकण, आत थर्मामीटर. खालून आलेली हवा पाण्यावरून तापत वर जाई आणि बाळांभोवती फिरून बाहेर पडे. या पहिल्या पेटीत एकापेक्षा जास्त बाळे मावत.

तार्निए हा पहिलाच म्हणणे मात्र बरोबर नाही. दुहेरी भिंतींच्या टबात गरम पाणी भरून त्यात बाळाला ठेवण्याचे प्रयोग सेंट पीटर्सबर्ग, बोर्दो आणि लाइपझिग येथे आधी झाले होते. लाइपझिगच्या क्रेडेने तर पुढे लेख लिहून आपला हक्क सांगितला. फरक असा की त्या टबात बाळाचे अंग तापे आणि श्वासाची हवा थंडच राही. तार्निएच्या पेटीत भोवतालची सगळी हवाच उबदार होती.

उबेने एवढा फरक का पडावा? मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि स्नायूंच्या हालचालीतून उष्णता मिळवतो. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ खूप जास्त असते, डोके मोठे असते, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. जन्मतः ते ओले असते आणि अंगावरचे पाणी सुकतानाही उष्णता ओढून नेते. उष्णता निर्माण करण्यासाठी त्याच्याकडे मानेभोवती, खांद्यांच्या मागे, मूत्रपिंडांपाशी एक खास तपकिरी चरबी असते. ती साठते गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळाकडे ती पुरेशी नसतेच. गारठलेले बाळ ऊब राखण्यासाठी आपली साखर आणि ऑक्सिजन खर्च करते, मग चोखायला ताकद उरत नाही, दूध पोटात जात नाही, साखर आणखी उतरते. ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली तापमान गेले की हे चक्र सुरू झाले असे आज समजतात. सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले नाही, ही आपल्याकडची समजूतही येथेच मोडून काढावी. जेवढे दिवस पोटात जास्त, तेवढी चरबी आणि ताकद जास्त. आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा सहसा बऱ्या स्थितीत असते.

तार्निएला तपकिरी चरबीचे हे काम ठाऊक नव्हते. त्याच्याकडे होती ती जुनी सवय, मोजण्याची. त्याचा सहकारी ओव्हार याने १८८३ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये पेटीआधी शंभरातील ६६ दगावत. पेटीनंतर हा आकडा ३८ वर आला. आजच्या निकषांवर ही तुलना कच्ची आहे. आधीच्या आणि नंतरच्या बाळांची ती तुलना होती आणि बाळ घरी गेल्यावर काय झाले ते त्यात नव्हते. तरी इतका मोठा फरक केवळ योगायोगाने पडला असे म्हणणे कठीण होते.

पेटीचे दोषही लवकरच दिसले. खालची ज्योत जास्त झाली की आतली हवा तापे, आणि अति उष्णता बाळाला थंडीइतकीच घातक. म्हणून ओव्हारने एका बाळापुरती लहान, स्वस्त पेटी केली. तिच्यात ज्योत नव्हती. खाली गरम पाण्याच्या मातीच्या बाटल्या ठेवायच्या आणि दर दीड-दोन तासांनी एकेक बदलायची. म्हणजे रात्रभर कोणीतरी जागे हवे. ही पेटी टिकली ती प्रसूतिगृहातल्या सुईणींच्या जागरणावर. त्यांची नावे मात्र फारशी कुठे लिहिलेली नाहीत.

ऊब मिळाली तरी चोखता न येणारे बाळ उपाशी राही. त्यावर तार्निएने मऊ रबरी नळी तोंडातून पोटात सोडून आईचे दूध थोडे थोडे देण्याची पद्धत आणली. ऊब, दूध आणि संसर्गापासून दूर ठेवणे, ही तिन्ही कामे नवजात विभागात आजही केली जातात.

तार्निए १८८४ मध्ये प्राध्यापक झाला आणि काही वर्षांनी दासा रस्त्यावरच्या प्रसूती-चिकित्सालयात गेला. पुढे त्या चिकित्सालयाला त्याचेच नाव मिळाले. नोव्हेंबर १८९७ मध्ये तो वारला. मातेर्नितेत दुबळ्या बाळांसाठी वेगळा विभाग १८९३ मध्ये निघाला तो तेथल्या मुख्य सुईण मादाम आँरी यांच्या पुढाकाराने, आणि नंतर तो आला तार्निएचा शिष्य पिएर ब्युदँ याच्याकडे. ब्युदँच्या एक गोष्ट लक्षात आली होती. पेटीतल्या बाळापासून आई लांब राहिली की तिचे दूध आटते, आणि कधी कधी तिची ओढही. म्हणून तो आयांना तेथेच ठेवून घेई, अंगावर पाजायला लावी, आणि घरी गेलेल्या बाळांना दर आठवड्याला वजनासाठी बोलावी. गुरूचे जे राहून गेले होते ते शिष्याने पुरे केले असे म्हणायला हरकत नाही. इतरत्र मात्र पेटीचा तमाशाही झाला. १८९६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पेटीतली बाळे तिकीट लावून दाखवली गेली आणि न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर तर असे प्रदर्शन चाळीस वर्षे चालले. बाळे जगत होती, एवढीच त्यातली दिलाशाची बाब.

प्राणिसंग्रहालयातल्या त्या भेटीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८७८ नंतर १९७८ मध्ये, कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या कमी पडू लागल्या. एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरने कमी वजनाची बाळे आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, कपड्यात बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच आजची ‘कांगारू’ पद्धत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारत आणि आफ्रिकेतील चार देशांची रुग्णालये होती. आपल्याकडचे दिल्लीचे सफदरजंग. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूत बायकांनी घरोघरी जाऊन नवजातांची काळजी घेतली, त्यातही कमी वजनाच्या बाळांसाठी उबदार झोळीवजा पिशवी होती. पेटी नसलेल्या गावातही ऊब देता येते, हे त्या कामातून १९९९ मध्ये जगापुढे आले.

घरात हिवाळ्यासाठी थर्मामीटरआधी आपला हात पुरतो. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायांना लावावी. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक. पोट उबदार आणि तळपाय गार असतील तर बाळ गारठू लागले आहे. त्याला छातीशी घ्यावे, टोपडे-मोजे घालावेत, अंगावर पाजावे आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासावे. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच रुग्णालय गाठावे. पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवावी, कमी वजनाच्या बाळाची डॉक्टर सांगतील तोवर. दुपटे ओले झाले की लगेच बदलावे. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावू नये, नाजूक त्वचा भाजते. आणि बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याची पद्धत सोडूनच द्यावी, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. उलट बाजूही आहे : तीन स्वेटर आणि वर रजई, असे गुंडाळलेले बाळ घामाघूम होऊन चिडते. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्याहून एक थर जास्त, एवढे तान्ह्याला बहुधा पुरते. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, शांत असतानाही श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, किंवा ताप ३७.५ अंशांवर गेला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.