शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे

सुमारें १५१० सालीं फ्रान्स देशांत जन्मलेला आंब्रवाझ पारे हा न्हावी-शस्त्रवैद्यांच्या हाताखालीं शिकून सैन्यांत शिरला. त्या काळीं बंदुकीच्या गोळीची जखम विषारी मानीत व ग्रंथाधारें तींत उकळतें तेल ओतीत. १५३७ च्या सुमारास इटालींतील ट्युरिनच्या मोहिमेंत पारेजवळचें तेल संपलें. निरुपायानें त्यानें अंड्याचा बलक, गुलाबाचें तेल व टर्पेंटाइन यांचा लेप लाविला. हे रोगी विषानें दगावतील, या धास्तीनें त्यास रात्रीं झोंप आली नाहीं. पहाटे उठून पाहतो तों लेप लाविलेल्यांस वेदना थोड्या होत्या व त्यांस विश्रांति मिळाली होती. तेल ओतलेले मात्र ज्वरानें व सुजेनें तळमळत होते. तें क्रूर तेल पुन्हां न वापरण्याचा त्यानें निश्चय केला.

पुढें हात-पाय कापल्यावर तापलेल्या लोखंडानें डागण्याऐवजीं रक्तवाहिन्या दोऱ्यानें बांधण्याची रीत त्यानें प्रचारांत आणिली. कापून टाकिलेला पाय अजून दुखतो, असें सांगणाऱ्या रोग्यांस वेडे न ठरवितां त्यांची तक्रार त्यानें आपल्या ग्रंथांत नमूद केली. लॅटिन न शिकलेला हा पुरुष चार राजांचा शस्त्रवैद्य होऊन १५९० सालीं पॅरिस येथें निवर्तला. ग्रंथापेक्षां रोग्याचें कण्हणें त्यास अधिक प्रमाण वाटलें, यांतच त्याचें थोरपण आहे.