एकट्याचे मत

महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या घराण्याचे मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातील कटगुण. बांधकामाच्या ठेकेदारीत सरकारी पैसा कुठे मुरतो, हे त्यांनी जवळून पाहिले. १८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी १००० रुपयांचा ठराव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे सुचवून ३२ सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सावकार आणि कचेरीतले कामगार मिळून कुणब्याला कसे नागवतात, हे त्यांनी मांडले. थैली आणि खुर्चीची सोयरीक जुळली, की शाळेचा पैसा कमानींवर उधळला जातो. घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या आपण ते एक मत विसरू नये.