किम बुसिक : लुप्त भाषेचे शब्द जपणारे इतिहासकार

कोरियातील गोर्यो राजवटीचे मंत्री किम बुसिक यांचा जन्म १०७५ साली सिल्ला राजवंशाशी नाते सांगणाऱ्या घराण्यात झाला. ११३५ साली प्योंगयांग येथे म्योचोंग या भिक्षूने केलेले बंड त्यांनी पुढील वर्षी मोडून काढले. राजे इनजोंग यांच्या आज्ञेनुसार ११४५ साली त्यांनी ‘सामगुक सागी’ हा ५० भागांचा इतिहास अभिजात चिनी भाषेत सिद्ध केला. ११५१ साली त्यांचे निधन झाले. सिल्लाला झुकते माप दिल्याची टीका त्यांच्यावर झाली. मात्र ६६८ साली लयास गेलेल्या गोगुर्यो राज्याच्या भाषेचे मानले जाणारे बहुतेक शब्द याच ग्रंथातील जुन्या स्थलनामांतून मिळतात. त्यांतील तीन, पाच, सात व दहा यांचे वाचक शब्द प्राचीन जपानीशी मिळतेजुळते असून त्यांच्या मूळ भाषेबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.