ट्यूरिंगचे हातचे

इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०२१ साली ५० पौंडांची नवी नोट काढली. तिच्यावर ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञाचे चित्र आहे. ज्याची सारी उमर नोटा मोजण्यात गेली, त्याचे लक्ष नोटेवर कोण बसले आहे इकडे आधी जाते. याच ट्यूरिंगला त्याच देशातील न्यायालयाने १९५२ मध्ये गुन्हेगार ठरवले होते.

ट्यूरिंगचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आईचे वडील मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनियर. ॲलनचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनला झाला. आईवडील नोकरीपायी हिंदुस्थानात, आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ इंग्लंडात परक्यांच्या घरी, असे त्याचे बालपण गेले. १९२६ मध्ये नव्या शाळेत जायचे तर सार्वत्रिक संपाने रेल्वे बंद. तेरा वर्षांचा हा पोरगा साउदॅम्प्टनहून सायकलवर निघाला आणि सुमारे शंभर किलोमीटर तुडवून शेरबोर्नला हजर झाला!

१९३६ साली, केम्ब्रिजला असताना, त्याने कागदावरच एक यंत्र कल्पिले: एक न संपणारी फीत आणि तिच्यावर खुणा लिहिणारे, पुसणारे डोके. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही पचत नाही. कोणताही प्रोग्रॅम पुढ्यात आला तर तो कधी थांबेल की चालतच राहील, हे अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. युद्धकाळात ब्लेचली पार्कला जर्मनांचे एनिग्मा संदेश उलगडण्यात त्याचा मोठा वाटा होता. ती कथा सिनेमावाल्यांनी भरपूर सांगितली आहे. त्याचा चहाचा मग तिथे साखळीने बांधलेला असे, एवढेच जाता जाता नोंदवतो. आमच्या काउंटरवरच्या पेनाची आठवण झाली.

मला अधिक भावतो तो १९४९ चा ट्यूरिंग. २४ जूनला केम्ब्रिजच्या एका परिषदेत त्याने मोठ्या प्रोग्रॅमची तपासणी कशी करावी, यावर छोटे भाषण केले. छापील मजकूर तीन पानांचा. दृष्टांत शाळकरी बेरजेचा. मोठ्या बेरजेचे नुसते उत्तर हाती दिले तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक रकान्याचा हातचा लिहून ठेवला असेल, तर एकेक रकाना सुटा तपासता येतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही टप्प्याटप्प्यावर असे हातचे लिहून ठेवावेत, आणि प्रत्येक पावलागणिक घटत जाणारी एखादी राशी दाखवून काम थांबणार हे सिद्ध करावे. सगळ्यांसाठी एक रीत नाही हे स्वतःच सांगून बसलेल्या माणसाने एकेकासाठीची वाट अशी दाखवली. लेजरच्या टोटलमध्ये रात्री नऊपर्यंत नऊ रुपयांचा फरक शोधलेल्या कुणालाही ती पटावी.

दुर्दैव असे, की हा मजकूर छापताना चुकांनी भरला आणि विसरला गेला. १९६७ मध्ये फ्लॉइड आणि १९६९ मध्ये होर यांनी तीच दिशा स्वतंत्रपणे गाठली. ट्यूरिंगची तीन पाने दुरुस्त होऊन पुन्हा लोकांसमोर आली ती १९८४ मध्ये.

हे झाले एका यंत्राचे. दोन यंत्रे एकमेकांना निरोप पाठवू लागली की काय होते, याची चव बँकेत घेतली आहे. मी सीताबर्डीच्या एका शाखेत असताना एका गृहस्थांनी मुलाच्या फीसाठी पाठवलेल्या पैशांचे सूचनापत्र टपालात गहाळ झाले. आमच्या पुस्तकातून रक्कम गेली, तिकडच्या पुस्तकात आलीच नाही. दुसरे पत्र पाठवावे, तर पहिले उगवल्यावर दोनदा जमा! मुलाची परीक्षा तोंडावर, आणि गृहस्थ रोज येऊन माझ्यासमोर बसत.

दोन यंत्रांमधली निरोपांची रांग कितीही वाढू शकत असेल, तर त्यांच्या स्थितींना अंत नसतो. १९८३ मध्ये ब्रँड आणि झाफिरोपुलो यांनी दाखवले, की रांग बिनचूक असेल तर ती ट्यूरिंगच्या फितीचे काम करते, आणि मग तपासणीची सर्वसाधारण रीत गेली. १९९३ मध्ये स्वीडनच्या अब्दुल्ला आणि यॉन्सन यांनी उलटी गंमत दाखवली: रांगेतले निरोप कधीही गळू शकत असतील, तर यंत्रे नको त्या स्थितीत पोहोचू शकतात का, याचे उत्तर नक्की काढता येते. गळक्या रांगेवर भरवशाची फीत उभी राहत नाही. शिवाय लहान रांगेतून संकटाकडे वाट असेल, तर जिच्यातून गळून ती लहान रांग उरते त्या मोठ्या रांगेतूनही वाट असतेच. आता शब्दांची न संपणारी यादी घ्या. तिच्यात कुठेतरी आधीचा शब्द नंतरच्या शब्दातून अक्षरे गाळून मिळतोच, जसा नागपूरमधून नार. म्हणून संकटापासून मागे मागे हिशेब नेला, की नवे काही निघेनासे होते आणि तो संपतो. अर्थात त्याला लागणारा वेळ भयंकर असू शकतो, आणि इतर काही प्रश्नांना गळक्या रांगेतही रीत नाहीच.

शब्दांचा हा नियम ग्रॅहम हिगमनने १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. तो तेव्हा मँचेस्टर विद्यापीठात होता, आणि ट्यूरिंगही तिथेच. त्याच वर्षी घरफोडीची तक्रार घेऊन ट्यूरिंग पोलिसांकडे गेला आणि एका पुरुषाशी असलेले त्याचे संबंध उघड झाले. तुरुंग की संप्रेरकांचा उपचार, या निवडीत त्याने उपचार घेतला. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने तो गेला; वय ४१. चौकशीत आत्महत्या ठरली, आई मात्र अपघातच म्हणत राहिली. राजाज्ञेने माफी मिळाली २०१३ मध्ये. आपल्याकडे कलम ३७७ ची धार सर्वोच्च न्यायालयाने काढली ती २०१८ मध्ये.

युद्धात जर्मन आक्रमणाच्या भीतीने त्याने चांदीच्या लगडी विकत घेऊन ब्लेचलीजवळ पुरल्या होत्या आणि जागेच्या खुणा सांकेतिक लिपीत टिपून ठेवल्या होत्या. युद्धानंतर टिपण होते, पण परिसर बदललेला. पुष्कळ शोधूनही त्याला ती चांदी मिळाली नाही.