वायूचा माग काढणारे हाल्डेन

टेंभुर्णीच्या आमच्या माळवदाच्या घरात कडाक्याच्या थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन निजण्याची रीत होती. एका रात्री दार-खिडकी घट्ट लावून आम्ही निजलो. पहाटे आजी उठली ती भेलकांडतच. माझेही डोके ठणकत होते. तिने कसेबसे दार उघडले म्हणून बरे! धूर नव्हता, वास नव्हता. शेजारच्यांनी बाधा झाली असे ठरवून टाकले. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात जॉन स्कॉट हाल्डेन यांच्याविषयी वाचले, तेव्हा त्या बाधेचे नाव मला कळले.

हाल्डेन १८६० साली एडिंबरा येथे जन्मले. वैद्यक शिकूनही दवाखाना न थाटता ते डंडी शहरातील गरिबांच्या एका खोलीच्या घरांत रात्री जाऊन हवेचे नमुने गोळा करू लागले. १८९६ च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे गेली. हाल्डेन यांनी प्रेते तपासली. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. रक्त लालभडक झाले होते. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. मग शरीराला प्राणवायू मिळणार कुठून? आमच्या शेगडीतूनही तोच निघत होता.

खाणीत उतरणाऱ्यांनी उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यावा, असे त्यांनी सुचवले. इवल्या जिवाचा श्वास जलद, म्हणून तो माणसाच्या कितीतरी आधी कोसळतो. मुक्या प्राण्याला असे पुढे करणे मला रुचत नाही. पण हाल्डेन यांनी आधी स्वतःलाच पुढे केले होते. प्रयोगशाळेत हा वायू ते स्वतः हुंगत, ठरावीक वेळाने आपलेच रक्त तपासत आणि पाय केव्हा लटपटू लागतात ते टिपून ठेवत.

१९१५ मध्ये युद्धभूमीवरच्या विषारी वायूचा शोध घ्यायलाही ते फ्रान्सला गेले. १९३६ साली ते वारले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

ब्रिटनच्या खाणींतून पिंजरे हटू लागले ते १९८६ नंतर, विजेवर चालणारी यंत्रे आल्यावर. तापवलेल्या टिन ऑक्साइडला असा वायू लागला की त्याचा विद्युतरोध घटतो आणि भोंगा वाजतो. घराच्या भिंतीवर लावता येतील एवढी लहान यंत्रे आता मिळतात. टेंभुर्णीत मात्र मी ती कुणाकडे पाहिली नाहीत. आजीची शेगडी आता ओसरीवर असते, आणि थंडी कितीही पडो, खिडकीची एक फळी उघडी.